वेळ नसलेली सत्तेचाळीस नावे

नाव वीरेश भरमाप्पा तेरदाळे, वय २९ वर्षे, धंदा नोकरी, संगणक विभागप्रमुख, श्री जोगलिंग सहकारी साखर कारखाना. राहणार कुरुंदवाड, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर. दिनांक १२ जानेवारी २००५, सकाळी ११ वाजून ५ मिनिटे.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून खालीलप्रमाणे सांगतो.

मी वरील पत्त्यावर वडील भरमाप्पा आणि आई नीलम्मा यांच्यासोबत राहतो. वडिलांचे वय ६३ आहे. आमचा एक एकर दहा गुंठे ऊस आहे. मी कोल्हापुरात बी.एस्सी. व नंतर संगणकाची पदविका केली आणि सन १९९९ पासून कारखान्यात नोकरीस आहे. हुद्दा विभागप्रमुख असा असला तरी विभागात मी एकटाच आहे. संगणकाचे कार्यक्रम मीच लिहितो, याद्या मीच छापतो आणि छपाईयंत्रात कागद अडकला तर तोही मीच काढतो.

माझ्याविरुद्ध हुलगेवाडी येथील विरोधी गटाचे पुढारी हंबीरराव खाडे यांनी काल दिनांक ११ रोजी तक्रार दिली आहे. ती मला वाचून दाखवली. चेअरमन विजयसिंह नलवडे यांच्या सांगण्यावरून मी हुलगेवाडीच्या ३१२ सभासदांची नावे मतदार यादीतून जाणूनबुजून काढली, असे तीत म्हटले आहे. त्यातला ३१२ हा आकडा बरोबर आहे. जाणूनबुजून हा शब्द बरोबर नाही.

कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक येत्या फेब्रुवारीत आहे. दिनांक ३१ मार्च २००४ रोजी किंवा त्यापूर्वी ज्यांचा अर्ज दाखल झाला, त्यांनाच मत देता येते. ज्या दिवशी अर्ज खिडकीवर घेतला तीच सभासदत्वाची तारीख धरतात, मंडळ मागाहून ती कायम करते. कच्ची यादी परवा सोमवारी, दिनांक १० रोजी दुपारी कार्यालयाच्या भिंतीवर लावली. ती मी तयार केली आहे. इतर कोणाचा हात तिला लागलेला नाही.

आमच्या भागात सभासद करायचे ते शेवटच्या दिवशी, हा रिवाज आहे. वर्षभर खिडकी उघडी असते, तेव्हा तिथे कुत्रे फिरकत नाही. अर्ज आधी दिले तर समोरच्या गटाला आकडा कळतो आणि तोही तेवढी माणसे आणून उभी करतो. म्हणून अर्ज भरून पुढाऱ्याच्या घरी गोळा करतात आणि शेवटच्या तारखेला ट्रॉल्या भरून माणसे आणतात. दिनांक ३१ मार्च २००४ रोजी हंबीरराव यांनी हुलगेवाडीहून नऊ ट्रॉल्या आणल्या होत्या. सकाळी १० वाजून ४२ मिनिटांनी पहिला अर्ज घेतला, शेवटचा सायंकाळी ५ वाजून ३८ मिनिटांनी घेतला. ही वेळ मी आठवणीने सांगत नाही, ती यंत्रात नोंदलेली आहे.

वेळ यंत्रात का नोंदली जाते, असे आपण विचारले. आधीच्या कार्यक्रमात फक्त तारीख राहत असे. सन २००२ च्या हंगामात ऊसनोंदणीवरून गेटवर दोघा चुलतभावांत मारामारी झाली. दोघांची तारीख एकच, आणि आधी आला कोण हे कागदावरून कळेना. त्यावर मी नवीन कार्यक्रम लिहिला. त्यात तारखेसोबत तास, मिनिट, सेकंद आपोआप पडतो आणि पावतीवरही छापला जातो. सर्वसाधारण सभेत चेअरमन साहेबांनी मला फेटा बांधला होता. त्या फेट्याचा फोटो घरी आहे. सांगायची गोष्ट एवढीच की वेळ यंत्रात आणणारा मीच आहे, दुसऱ्या कोणावर मला ते ढकलता येणार नाही.

मतदार यादीसाठी यंत्राला एक प्रश्न लिहून द्यावा लागतो. मी जुन्या कार्यक्रमातलाच प्रश्न उचलून घातला. तो असा, की ज्यांची तारीख ३१ मार्च २००४ एवढी किंवा त्याआधीची आहे ती नावे दे. जुन्या कार्यक्रमात हा प्रश्न दहा वर्षे बिनचूक चालला. नवीन कार्यक्रमात तो चुकला. नुसती तारीख लिहिली तर यंत्र तिला स्वतःहून वेळ जोडते, आणि ती वेळ म्हणजे दिवस उगवायच्या आधीची, रात्रीचे शून्य वाजलेले. म्हणजे मी ज्याला ३१ मार्च म्हणालो, त्याला यंत्राने ३१ मार्च सुरू होतानाचा पहिला क्षण धरले. त्याच दिवशी सकाळी १० वाजून ४२ मिनिटांनी आलेला माणूस त्या क्षणानंतरचा ठरला आणि यादीतून गळाला. प्रश्न १ एप्रिलच्या आधीचे सगळे दे असा लिहायला हवा होता. फरक एका ओळीचा आहे. ती ओळ मी तपासली नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी मान्य करतो.

हे सांगत असताना आपण दोनदा थांबवून विचारले की संगणकाला एवढेही कळत नाही काय. त्याला कळत नाही. त्याला विचारले तेवढेच तो सांगतो. एखाद्याला सोमवारपर्यंत पाहुणा राहील म्हणून सांगितले आणि त्याने सोमवार लागताच, कोंबडे आरवायच्या आधी, पाहुण्याची वळकटी दाराबाहेर ठेवली, तसा हा प्रकार आहे.

काल मंगळवारी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी हुलगेवाडीची दीडदोनशे माणसे कार्यालयात शिरली. माझी खोली काचेची असून तिला एकच दार आहे. शिपायाने बाहेरून कडी घातली, मला वाचवायला घातली असे तो म्हणतो. दुपारी ३ वाजून ४० मिनिटांपर्यंत मी आत होतो. काचेला चारही बाजूंनी माणसे लागली होती. शिव्या ऐकू येत होत्या, त्या इथे लिहीत नाही. काचेचा एक तुकडा फुटून माझ्या डाव्या कोपराला लागला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्या गर्दीत झुंबरबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. नाव मी नंतर पावतीवर वाचले. त्यांनी आपली पावती काचेला चिकटवून धरली आणि म्हणाल्या, "बघ रं लेकरा, ह्यात माझं नाव हाय का न्हाय? मग भितीवर कशापायी न्हाय?" पावतीवर तारीख होती आणि तिच्याशेजारी दुपारी २ वाजून ७ मिनिटे अशी वेळ होती. ती वेळ दिसली तेव्हा चूक कुठे झाली हे मला एका दमात कळले. बाई अर्धा तास तरी ती पावती तशीच धरून उभ्या होत्या. मला खूप लाज वाटली.

मी तिथेच बसून प्रश्न दुरुस्त केला. पाच मिनिटे लागली. गळालेली ३१२ नावे परत आली, एक कमी नाही, एक जास्त नाही. नवीन यादी छापून मी ती काचेतून दाखवली, पण तोवर कोणी वाचण्याच्या अवस्थेत नव्हते.

दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी आपल्या ठाण्याचे लोक आले आणि कडी निघाली. ४ वाजता मी नवीन यादी घेऊन कार्यालय अधीक्षक बाळासो चौगुले यांच्याकडे गेलो. चूक सापडली, आजच्या आज दुसरी यादी लावू, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "सापडली न्हवं? मग ठीव तुझ्यापाशीच. हरकतीला आठ दिस हायत. ज्येला पायजे त्यो येईल अर्ज घिऊन. निम्मी यायचीच न्हाईत." मी म्हटले की चूक आपली आहे, लोकांना हेलपाटे कशाला. त्यावर ते म्हणाले, "आपली कशी? तुझी हाय." यादी त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावले.

त्यानंतर मी कार्यालयाबाहेर हंबीरराव यांना गाठले आणि तीच गोष्ट त्यांना सांगितली. दुरुस्त यादी तयार आहे, तुमचे सगळे लोक तीत आहेत, असे म्हणालो. मला वाटले ते खूश होतील. ते म्हणाले, "आत्ता दुरुस्त करून काय उपेग? आता ह्यो इषय पेपरात जाणार." म्हणजे दुरुस्त यादी त्यांनाही नको होती.

आज सकाळी इकडे येण्यापूर्वी ८ वाजता बाळासो चौगुले आमच्या घरी आले. आईने चहा दिला. ते मला अंगणात घेऊन म्हणाले, "छापताना पानं ऱ्हायली म्हणून सांग. वेळ-बिळ काय काढू नगंस. साहेबलोकास्नी कळत न्हाय त्यातलं. नोकरी ऱ्हाईल." ९ वाजता एस.टी. स्टँडजवळ हंबीरराव भेटले. ते म्हणाले, "तू फकस्त इजयसिंहाचं नाव घे. फुडचं मी बघतो. सत्ता आली की तू पर्मनंट विभागप्रमुख." मी आताही पर्मनंट विभागप्रमुखच आहे, पण हे मी त्यांना सांगितले नाही. दोघांनीही मला जे सांगायला सांगितले ते खोटे आहे. चेअरमन साहेबांनी मला कोणतेही नाव काढायला सांगितलेले नाही. पानेही राहिलेली नाहीत.

इथपर्यंत सांगून झाल्यावर आपण मला हंबीरराव यांच्या तक्रारीतला पुढचा मुद्दा दाखवला. तो असा, की ३१ मार्च या तारखेचे सभासद फक्त हुलगेवाडीचेच नव्हते. त्याच तारखेची आणखी ४७ नावे सभासद नोंदवहीत आहेत, ती चेअरमन गटाच्या माणसांची आहेत आणि ती मात्र पहिल्या यादीत छापली गेली. आपण विचारले की यंत्राने ३१ तारखेचे सगळेच गाळले म्हणता, तर हे ४७ कसे राहिले. यंत्राला गट कळतो काय.

दुपारी १२ वाजून १० मिनिटांपासून १२ वाजून ३५ मिनिटांपर्यंत मी काही बोललो नाही. मला पाणी दिले. बोलायचे नसेल तर तसे लिहितो, मग मुद्दाम नावे गाळली असाच अर्थ निघेल आणि आज घरी जाता येणार नाही, असे आपण सांगितले. आपण दमदाटी केली नाही. मारहाण झाली नाही. मी विचार करत होतो, आणि कुठूनही विचार केला तरी येऊन एकाच ठिकाणी अडकत होतो.

काल काचेच्या खोलीत असताना ३१२ नावे परत आली, तेव्हाच मी यंत्राला हाच प्रश्न विचारला होता. ३१ मार्चचे असून जे गळाले नाहीत ते दाखव, असा. ४७ नावे आली. सगळ्यांपुढे वेळ शून्य होती. शून्य तास, शून्य मिनिटे, शून्य सेकंद. रात्री बाराच्या ठोक्याला कारखान्याच्या खिडकीवर ४७ माणसे अर्ज घेऊन उभी नव्हती, हे कोणालाही कळेल.

त्यांना वेळ नाही, कारण ती नावे खिडकीवर घेतलेली नाहीत. ती दिनांक ३ एप्रिल २००४ रोजी, शनिवारी, सकाळी ११ च्या सुमारास मी स्वतः घातली आहेत. खिडकीच्या पडद्यावर नोंद केली तर त्या दिवसाची तारीख व चालू वेळ आपोआप पडते, ती कोणाला बदलता येत नाही. म्हणून मी मागच्या बाजूने थेट नोंदवहीत जाऊन ती नावे लिहिली आणि तारखेच्या जागी हाताने ३१ मार्च टाकले. वेळ लिहायचे माझ्या डोक्यात आले नाही. नुसती तारीख दिली म्हणून यंत्राने शून्य वेळ जोडली. त्या दिवशी मी वेळही खोटी लिहिली असती, समजा दुपारचे तीन, तर ही नावेसुद्धा ३१२ बरोबर गळाली असती आणि आज कोणाला संशय आला नसता. खरी माणसे गळाली आणि खोटी तारीख राहिली ती माझ्या एकाच चुकीमुळे. मी हा धंदा सहा वर्षे करतो आहे. या गोष्टीचा मला स्वतःचा राग येतो.

तसे करण्यास कोणी सांगितले, असे विचारल्यावरून सांगतो. बाळासो चौगुले यांनी सांगितले. ते अर्जांचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "ह्ये घे. एकतीस मार्च घाल समद्यास्नी." मी म्हटले, "साहेब, आज तीन तारीख हाय." ते म्हणाले, "मला काय क्यालेंडर दिसत न्हाय व्हय?" लेखी आदेश नव्हता. चेअरमन साहेबांना हे माहीत होते की नाही, हे मला माहीत नाही. त्या वेळी खोलीत आम्ही दोघेच होतो, त्यामुळे साक्षीदार नाही. ते आता नाही म्हणतील.

गठ्ठ्यात ४६ अर्ज होते. सत्तेचाळिसावा अर्ज कोठून आला, असे आपण विचारले.

तो माझ्या वडिलांचा आहे.

वडिलांनी सभासद होण्यासाठी सन १९९१ पासून तीन वेळा अर्ज केले. एकदा सातबाऱ्यावर आजोबांचे नाव होते म्हणून परत आला, एकदा भरती बंद झाली होती, एकदा कागद कार्यालयातच गहाळ झाला. सभासद नसलेल्याचा ऊस सगळ्यांचा तुटून झाल्यावर तोडतात. मार्च उजाडतो, एप्रिल उजाडतो. ऊस उन्हात वाळून हलका होतो आणि वडील रोज सकाळी टोळीच्या मुकादमाच्या झोपडीपुढे जाऊन बसतात. मुकादम त्यांना पावणं म्हणून बसवतो आणि ऊस दुसऱ्याचा तोडतो. हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

दिनांक ३१ मार्च २००४ रोजी वडील सकाळी १० वाजता अर्ज घेऊन खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. त्यांच्यापुढे हुलगेवाडीच्या ट्रॉल्या आधीच उतरल्या होत्या. मी काचेतून त्यांना पाहत होतो. दुपारी जेवायला आत या म्हणून मी निरोप पाठवला, तर जागा जाईल म्हणून आले नाहीत. मी मनात आणले असते तर त्यांचा अर्ज आतून घेतला असता. पण विभागप्रमुखाने रांग मोडली असे कोणी म्हणू नये म्हणून घेतला नाही. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. ५ वाजून ४५ मिनिटांनी खिडकी बंद झाली तेव्हा त्यांच्यापुढे चार माणसे होती. ते अर्ज घेऊन घरी परत आले आणि गोठ्यात जाऊन म्हशीचे शेण काढत बसले.

त्यामुळे ३ एप्रिल रोजी बाळासो चौगुले जेव्हा म्हणाले, "तुझ्या आप्पांचा कागद खिडकीवरनं म्हागारी गेला म्हणं. त्योबी आण की, टाक ह्यातच," तेव्हा मी नाही म्हणालो नाही. सायकलवरून घरी गेलो, अर्ज घेतला आणि पाऊण तासात परत आलो. बाकीच्या ४६ जणांसाठी मला दमात घेतले असे मी म्हणू शकतो. या एकासाठी तसे म्हणता येत नाही. तो मी माझ्या खुशीने घातला.

वडिलांना हे माहीत नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना सांगितले की अप्पा, साहेबांनी तुमचा अर्ज ३१ तारखेचाच धरला, तुम्ही रांगेत होता हे त्यांनी बघितले होते. वडिलांनी त्यावर विश्वास ठेवला. आई कानडीत म्हणाली, "देवरु माडिदा," म्हणजे देवाने केले. सभासदत्वाचा दाखला आला तेव्हा त्यांनी तो गल्लीतल्या प्रत्येकाला वाचायला लावला, त्यांना स्वतःला सहीपुरतेच वाचता येते. यंदा पहिल्यांदाच आमच्या उसाला सभासदांच्या पाळीत तोड आली आहे. तारीख २० जानेवारी आहे. आज १२ आहे.

मला कळते की ही ४७ नावे बाद होतील आणि त्यात वडिलांचे नाव बाद होईल. तोडही रद्द होईल. तसेच, नोंदवहीत खोटी तारीख मी घातली असे मी लिहून दिल्यावर माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे आपण मला समजावून सांगितले. हे न सांगता मी सुटू शकतो का, याचा मी पंचवीस मिनिटे विचार केला. न सांगितले तर हुलगेवाडीची ३१२ माणसे मी मुद्दाम गाळली असे ठरते. सांगितले तर ती चूक होती हे सिद्ध होते, पण त्याच पुराव्याने दुसरा खोटेपणा सिद्ध होतो. शून्य वेळ हा एकच पुरावा आहे आणि तो दोन्हीकडे धार असलेला आहे. ज्या बाई पावती काचेला लावून उभ्या होत्या, त्यांना मी खोटे ठरवू शकत नाही. म्हणून सांगितले.

नोंदवहीची एक प्रत टेपवर घेतलेली आहे, ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. खणाची किल्ली मी आपल्याकडे देत आहे. तीत ४७ नावांपुढची शून्य वेळ दिसेल. कारखान्यातली मूळ नोंद कोणी बदलली तर या टेपशी ताडून पाहावी.

वडील आज माझ्यासोबत आले आहेत. येऊ नका म्हणून मी सांगितले होते. "माझ्या पोरानं काय चोरी केलीया व्हय? मी येतो की," असे म्हणून ते एस.टी.त बसले. सध्या ते या खोलीबाहेरच्या बाकावर बसले आहेत. हंबीररावांचीही दोन माणसे बाकावर आहेत आणि वडील त्यांना आपण सभासद आहोत हे सांगत असल्याचे मला इथे ऐकू येते. माझ्यानंतर त्यांचा जबाब होणार आहे असे आपण सांगितले. त्यांना हे सगळे माझ्या तोंडून कळावे, त्यासाठी जबाब वाचण्यापूर्वी मला पाच मिनिटे बाहेर सोडावे, अशी मी विनंती केली. दोन साक्षीदारांना जबाबाआधी बोलू देता येत नाही, असे सांगण्यात आले. विनंती लिहून घेतली आहे.

हवालदार सयाजी पोवार यांनी हा मजकूर मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. खोलीला दार नाही, पडदा आहे. तिसऱ्या पानापासून हळू वाचा, असे मी त्यांना दोनदा म्हणालो. "हळू वाचून कसं चालंल, ऐकू आलं पायजे की," असे ते म्हणाले आणि त्यांनी सगळे त्याच आवाजात वाचले. मला सर्व ऐकू आले.

वाचून झाल्यावर दुरुस्ती करायची आहे काय असे विचारले, त्यावरून सांगतो. माझे वडील बाहेरच्या बाकावर बसले आहेत असे वर लिहिले आहे. ते आता बरोबर नाही. वाचन चालू असताना ते पडद्याजवळ आले, पडदा बाजूला केला आणि मला न बघता हवालदारांना म्हणाले, "पर मी हुतो की ओ रांगंत. दिसभर हुतो." त्यानंतर ते चालत फाटकाबाहेर गेले. त्यांचे हे बोलणे माझ्या जबाबात घ्यावे, असे मी म्हणालो. त्यांचे म्हणणे त्यांच्या जबाबात येईल, ते सापडल्यावर, असे मला सांगण्यात आले. मी हट्ट धरल्यामुळे ते इथे लिहिले आहे. ते खरे आहे, मी काचेतून पाहिले आहे.

बाकीचा मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करतो.

वीरेश भरमाप्पा तेरदाळे
वेळ दुपारी २ वाजून १७ मिनिटे